मालाचा दर्जा आणि हवेचा दर्जा

जानेवारीतली सकाळ होती. नांदेडच्या इतवारा भागात सात वाजताच मालाची गाडी लागली. हवा चांगलीच गार होती, पारा दहाच्या आसपास असावा. होजिअरीचा माल प्लास्टिकच्या क्रेटमधून आला होता. उतरवताना हमालाच्या हातून एक क्रेट सुटले आणि फरशीवर पडून त्याचा कोपरा काच फुटावी तसा उडाला. थोड्या वेळाने दुसऱ्याचेही तेच झाले. मी व्यापारी माणूस, दोन क्रेटचे पैसे हमालीतून कापले. हमालमामा माझ्यापेक्षा वयाने मोठे, भांडले नाहीत. एवढेच म्हणाले, "शेठ, क्रेट तर नेहमीच पडतंय. नेहमी कुठं फुटतंय?"

मे महिन्यात त्याच लॉटचे क्रेट पुन्हा एकदा हातातून निसटले. आपटले, उडाले, कोपऱ्याला थोडा पोचा आला आणि संपले. तोच माल, तीच उंची, तीच फरशी. तेव्हा मामांचे वाक्य आठवले. बदलले होते ते फक्त हवेचे तपमान.

आम्ही उर्दू शाळेत तपमानाला दर्जा-ए-हरारत म्हणत असू. मालालाही दर्जा आणि उष्णतेलाही दर्जा. त्या वयात या दोन दर्जांचा एकमेकांशी काही संबंध असेल असे वाटले नव्हते. पण आहे. लोखंड असो, जस्त असो, प्लास्टिक असो, त्याचा दर्जा सांगताना तो किती अंशावरचा दर्जा हे सांगितल्याशिवाय बोलणे पुरे होत नाही. माझा धंदा कापडाचा आहे. पण आपल्या वाचकांत वेल्डर आहेत, शटर आणि कपाटे बनवणारे आहेत, पाइप फिटर, कलईवाले, भांडीवाले, प्लास्टिकचे दुकानदार आहेत. हातातला माल कधी वाकतो आणि कधी तुटतो, हा त्यांच्या रोजीचा आणि कधी कधी दुसऱ्याच्या जिवाचा प्रश्न आहे. म्हणून हा विषय घेतला.

आधी एक घोटाळा दूर केला पाहिजे. आपण 'मजबूत' हा एकच शब्द दोन वेगळ्या गुणांसाठी वापरतो. एखादी वस्तू किती ओझे सहन करते हा एक गुण. ती अचानक बसलेला दणका किती पचवते हा दुसरा. पहिल्याला ताकद म्हणू, दुसऱ्याला चिवटपणा. काचेची ताकद कमी नसते, चिवटपणा जवळजवळ नसतो. थंडीमुळे ताकद घटते असे पुष्कळ लोक समजतात, पण पोलादाच्या बाबतीत उलट आहे. गार झाल्यावर त्याची ताकद थोडी वाढते आणि चिवटपणा जातो. म्हणूनच फसगत होते. वजन टांगून पाहिले तर माल उत्तम वाटतो, आणि दणका बसला की दोन तुकडे.

कापडवाल्याला हे समजावणे सोपे आहे. आपण गिऱ्हाइकाला दोन मीटर मांजरपाट फाडून देतो तेव्हा काय करतो? काठाला कात्रीने बोटभर चीर देतो आणि दोन्ही हातांनी झटका मारतो. चीर नसेल तर पहिलवानालाही ते कापड फाडता येणार नाही. चीर दिली की लहान पोरही फाडते, कारण सगळा जोर चिरेच्या टोकावरच्या एका धाग्यावर येतो. तो तुटला की पुढच्यावर, मग त्याच्या पुढच्यावर.

आता दुसरी गोष्ट. खळ घातलेले कडक कापड आणि तेच कापड धुऊन मऊ झाल्यावर, यात कोणते लवकर फाटते? खळीचे. मऊ कापडात चिरेजवळचे धागे थोडे सरकतात, एकमेकांजवळ गोळा होतात आणि पाच-सहा धागे मिळून जोर झेलतात. खळीने धागे जागच्या जागी चिकटलेले असतात. त्यांना सरकता येत नाही, म्हणून एकेकटे मरतात. खळीच्या कापडाचा धागा कमजोर झालेला नसतो. त्याची फक्त सरकण्याची सोय गेलेली असते.

पोलादात हेच घडते, आणि तिथे खळीचे काम थंडी करते. धातूच्या आत अणूंचे थर असतात. दणका बसला की हे थर एकमेकांवरून थोडे सरकतात, धातू वाकतो, आणि वाकण्यात दणक्याचा जोर खर्च होतो. लोखंडाच्या अणूंची मांडणी अशी आहे की थर सरकायला उष्णतेचा हातभार लागतो. तपमान उतरत गेले की सरकणे अवघड होते. एका टप्प्यानंतर सरकण्यापेक्षा चिरणे सोपे पडते. मग धातू न वाकता तडकतो. तुटलेल्या तोंडाकडे पाहिले तर हे ओळखता येते. वाकून तुटलेले पोलाद राखाडी, तंतुमय आणि कडेला ओढल्यासारखे दिसते. थंडीने तडकलेले पोलाद साखरेच्या ढेपेसारखे चमकदार कणांचे दिसते. भंगाराच्या धंद्यातले जुने लोक 'दाणेदार तुटलंय' म्हणतात ते हेच.

हा चिवटपणा मोजायची पद्धत १९०१ मध्ये फ्रान्सच्या जॉर्ज शार्पी यांनी पक्की केली. ५५ मिलिमीटर लांब आणि १० बाय १० मिलिमीटर जाडीचा तुकडा घ्यायचा, मधोमध २ मिलिमीटर खोल व्ही आकाराची खाच पाडायची आणि वरून झुलत येणाऱ्या जड हातोड्याने एका फटक्यात तोडायचा. हातोडा तुकडा तोडून पलीकडे किती उंच गेला ते पाहायचे. कमी उंच गेला तर तुकड्याने जास्त जोर खाल्ला, म्हणजे चिवट. खाच म्हणजे आपली कात्रीची चीर आणि हातोडा म्हणजे आपला झटका. कापडवाला शेकडो वर्षे जे करत आला तेच यंत्राने केले, असे मी मुलाला म्हटले तेव्हा तो हसला. तो डिप्लोमा करत असताना मला हे यंत्र दाखवायला कॉलेजात घेऊन गेला होता. साध्या पोलादाचे दोन तुकडे होते. एक खोलीच्या हवेतला, दुसरा बर्फ आणि मिठात बुडवून गार केलेला. पहिला वाकला आणि अर्धवट फाटून चिकटून राहिला. दुसरा टाळी वाजावी तसा वाजला आणि दोन तुकडे दोन दिशांना गेले.

मोजमाप ज्यूलमध्ये सांगतात. बांधकामाच्या पोलादात २७ ज्यूल हा आकडा वारंवार येतो. पावणेतीन किलोचे वजन एक मीटर उंचीवरून पडले तर जो दणका बसतो, साधारण तेवढा. चांगले साधे पोलाद कोमट असताना शंभर ज्यूलच्या वर जाते आणि तेच पुरेसे गार केले की दहाच्याही खाली येते. उतरण हळूहळू होत नाही. काही अंशांच्या पट्ट्यातच चिवटपणा धाडकन कोसळतो. या पट्ट्याला संक्रमण तपमान म्हणतात. आपल्या धंद्याच्या भाषेत सांगायचे तर याच अंशावर माल फिरतो.

जगाला याची किंमत दुसऱ्या महायुद्धात कळली. अमेरिकेने १९४१ ते १९४५ या काळात लिबर्टी नावाची २,७०० हून अधिक मालवाहू जहाजे घाईघाईने बांधली. पूर्वी जहाजाचे पत्रे रिव्हेट ठोकून जोडत. यांत वेल्डिंग केले. पुष्कळ जहाजांना थंड समुद्रात तडे गेले, काहींचे सरळ दोन तुकडे झाले. याच काळातले स्केनेक्टडी नावाचे तेलवाहू जहाज तर १६ जानेवारी १९४३ च्या रात्री पोर्टलंडच्या गोदीत शांत पाण्यात बांधलेले असताना मधोमध तुटले. ना वादळ, ना टक्कर. हवा शून्याच्या थोडी खाली होती, एवढेच. सगळ्यांनी आधी वेल्डरला दोष दिला. केंब्रिज विद्यापीठातल्या कॉन्स्टन्स टिपर या बाईंनी दाखवून दिले की मूळ दोष पोलादात आहे. ते पोलाद त्या थंडीत ठिसूळ होत होते. वेल्डिंगमुळे झाले ते वेगळेच. रिव्हेटच्या जहाजात तडा एका पत्र्याच्या कडेला येऊन थांबत असे, जसे कापड फाटत शिलाईपाशी येऊन थांबते. वेल्डिंगने सगळे जहाज एकच अखंड कापड झाले, आणि सुरू झालेला तडा थेट दुसऱ्या बाजूपर्यंत गेला.

हे सगळे थंड मुलखातले, आपल्या मराठवाड्याला काय त्याचे, असे कोणी म्हणेल. मीही तेच म्हणालो होतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४२ च्या पुढे जातो आणि डिसेंबर-जानेवारीत पहाटे कधी कधी दहाच्या खाली येतो. पातळ अँगल, खिडकीची जाळी, कूलरचा स्टँड याला आठ-दहा अंशांनी काही होत नाही, उगाच घाबरण्याचे कारण नाही. पण तीन गोष्टी अशा आहेत की त्या संक्रमण तपमान वर ओढतात आणि मग आपली थंडीही पुरेशी ठरते.

पहिली म्हणजे कार्बन. पोलादात कार्बन जितका जास्त तितके ते कडक, आणि तितके ते जास्त तपमानावरच ठिसूळ. रेल्वेचा रूळ घ्या. त्यात साधारण ०.६ ते ०.८ टक्के कार्बन असतो, म्हणजे आपल्या साध्या अँगलच्या तीन-चार पट. रूळ झिजू नये म्हणून ते आवश्यकच आहे. पण त्यामुळे रुळाचा चिवटपणा खोलीच्या तपमानालाही कमीच असतो. त्यात आता रूळ वेल्डिंगने लांबच लांब जोडलेले असतात. थंडीत ते आक्रसू पाहतात, आक्रसता येत नाही, म्हणून ताणले जातात. जुनी बारीक चीर असेल तर पहाटेच्या गाडीचा दणका तिला पुरे होतो. हिवाळ्याच्या रात्री रेल्वेचे कर्मचारी कंदील किंवा टॉर्च घेऊन रुळांवरून पायी गस्त घालतात ती यासाठी. नांदेडला २००३ पासून रेल्वेचे विभागीय कार्यालय आहे, आपल्यापैकी अनेकांचे शेजारी तिथे नोकरीला आहेत. त्यांना विचारा, रूळ तुटण्याचे दिवस कोणते, ते सांगतील.

आपल्या कारागिरांसाठी यात एक धोक्याची सूचना आहे. ट्रकच्या कमानीचे जुने पाटे भंगारात स्वस्त मिळतात. त्याचा विळा, कोयता, सुरी उत्तम होते, पिढ्यान्‌पिढ्या होत आली आहे. पण त्याच पाट्याला वेल्डिंग करून कोणी ओझे उचलायचा हूक किंवा ट्रॉलीचे जोड करत असेल तर तो थांबवावा. कार्बन जास्त असल्याने वेल्डिंगच्या शेजारची पट्टी झटकन थंड होऊन काचेसारखी कडक होते. उन्हाळ्यात वर्षभर चालेल आणि एखाद्या पहाटे चेनला झटका बसला की तिथेच तुटेल. खाली कोण उभे असेल ते सांगता येत नाही.

दुसरी गोष्ट स्फुरद आणि गंधक. जुने लोहार जाणत की काही लोखंड गार असताना फुटते आणि काही लाल तापवल्यावर फुटते. पहिल्यात स्फुरद जास्त, दुसऱ्यात गंधक जास्त. भंगार वितळवून केलेल्या मालात ही घाण काढणे अवघड असते, म्हणून बिननावाच्या आणि नामांकित मालाचे वजन, जाडी, रंग सगळे सारखे असूनही चिवटपणा वेगळा निघतो. मँगनीज मात्र चांगले काम करते, आणि बारीक कणांचे पोलाद जाड कणांच्या पोलादापेक्षा जास्त थंडी सोसते.

तिसरी गोष्ट जाडी आणि खाच. जाड पत्रा पातळ पत्र्यापेक्षा लवकर ठिसूळ वागतो, कारण आतल्या भागाला कुठे सरकायला वाव नसतो. गॅस कटरने कापलेली ओबडधोबड कड, वेल्डिंगमध्ये राहिलेली पोकळी, ड्रिलऐवजी ठोकून पाडलेले भोक, ही सगळी कात्रीची चीरच आहे. ग्राइंडर फिरवून कड गुळगुळीत करायला पाच मिनिटे लागतात. ती पाच मिनिटे फुकट जात नाहीत.

बाजारात विचारायचे काय? आपल्याकडच्या बांधकामाच्या पोलादाचे मानक आयएस २०६२ आहे. त्यात नेहमीचा माल ई २५० नावाने येतो आणि नावापुढे ए, बीआर, बी-शून्य किंवा सी असे अक्षर असते. बहुतेक दुकानदार आणि गिऱ्हाईक फक्त २५० हा ताकदीचा आकडा पाहतात. चिवटपणाची गोष्ट त्या अक्षरात आहे. ए मध्ये दणक्याची हमी नाही. बीआर म्हणजे खोलीच्या तपमानाची चाचणी, बी-शून्य म्हणजे शून्य अंशाची आणि सी म्हणजे उणे २० अंशांची. घराच्या जिन्याला ए चालेल. पण कोणी शीतगृहाचे मांडे, बर्फाच्या कारखान्याचे काम किंवा आइस्क्रीमच्या खोलीतले हूक घेऊन आला तर तिथे उणे १८-२० अंश असतात. अशा कामाला सी घ्यावा किंवा स्टेनलेस, आणि कारखान्याचे टेस्ट सर्टिफिकेट मागून घ्यावे. भाव थोडा वाढेल, तो गिऱ्हाइकाला कारण सांगून लावावा.

गरम चालणारे यंत्रही चुकून गार झाले तर काय होते, हे ऑस्ट्रेलियात लॉंगफर्ड येथे २५ सप्टेंबर १९९८ रोजी दिसले. गॅस कारखान्यातल्या एका उष्णता-बदलाच्या भांड्यात गरम तेल वाहत असे. तेल बंद पडले आणि भांडे उणे ४८ अंशांपर्यंत गार झाले. त्या तपमानासाठी ते पोलाद नव्हतेच. लोकांनी घाईने पुन्हा गरम तेल सोडले आणि भांडे फुटले. दोघे मेले, आठ जखमी झाले, आणि व्हिक्टोरिया राज्याला जवळजवळ दोन आठवडे गॅस मिळाला नाही.

सगळेच धातू असे दगा देत नाहीत. तांबे, ॲल्युमिनियम, निकेल, चांदी आणि ज्या स्टेनलेसला लोहचुंबक चिकटत नाही ते ३०४ जातीचे स्टेनलेस, यांच्या अणूंची मांडणी वेगळी आहे. थर सरकायला उष्णतेची मदत लागत नाही, म्हणून ते कितीही गार करा, चिवटच राहतात. याचा पुरावा आपल्याच जिल्ह्यांत आहे. देवणी आणि लाल कंधारी जनावरांच्या कृत्रिम रेतनासाठी पशुवैद्यक जे भांडे मोटारसायकलला बांधून गावोगाव नेतात त्यात उणे १९६ अंशांचा द्रव नायट्रोजन असतो. ते भांडे ॲल्युमिनियमचे असते. आपल्या रस्त्यांचे खड्डे खाऊनही ते तडकत नाही. कोरोनाच्या साथीत मोठ्या रुग्णालयांच्या आवारात द्रव ऑक्सिजनच्या उंच पांढऱ्या टाक्या लोकांनी पाहिल्या. द्रव ऑक्सिजन उणे १८३ अंशांचा असतो. त्या टाकीचे आतले भांडे स्टेनलेसचे आणि बाहेरचे साध्या पोलादाचे, मध्ये हवा काढून घेतलेली पोकळी. अशा टाकीजवळ ज्यांना फॅब्रिकेशनचे काम मिळेल त्यांनी एवढे ध्यानात ठेवावे की गळती होऊन द्रव साध्या अँगलवर सांडला तर तो अँगल काच होतो. लातूरच्या मराठवाडा रेल कोच कारखान्यातून डिसेंबर २०२० मध्ये पहिल्या डब्याचा सांगाडा बाहेर पडला. आता डब्यांना स्टेनलेस वापरतात. गंजू नये हे मुख्य कारण खरे, पण टक्कर झाली तर धातूने चुरगळून दणका खावा, हा हिशेबही त्यात असतोच. लातूरच्या ज्या तरुणांना लहान पुरवठ्याची कामे मिळवायची आहेत त्यांनी स्टेनलेसच्या जाती आणि त्यांचे वेल्डिंग शिकून घ्यावे. चुंबक चिकटणारे स्टेनलेस थंडीत साध्या पोलादासारखेच चिवटपणा गमावते, हे पुष्कळांना माहीत नसते.

जस्ताची गोष्ट तर आपल्या शेजारची आहे. उदगीरच्या पुढे बिदर. तिथल्या बिदरी कामाच्या सुरया, हुक्के आणि डबे आपण सर्वांनी पाहिले आहेत. त्याचा धातू म्हणजे साधारण १६ भाग जस्त आणि १ भाग तांबे. बिदरीचा कारागीर तांबटासारखा भांडे ठोकून घडवत नाही, साच्यात ओततो. का? कारण जस्त साध्या तपमानाला ठिसूळ असते, हातोडा मारला तर तडकते. वर तार मात्र चांदीची. चांदी चिवट, ती खोबणीत ठोकून बसते. मग नवसागर आणि किल्ल्यातल्या मातीने सारे काळे करतात आणि चांदी उजळ राहते. म्हणजे दोन धातूंचे दोन स्वभाव ओळखून शेकडो वर्षे हा हुन्नर चालत आला, कोणाच्याही हाती शार्पीचे यंत्र नसताना. पुढे १८०५ मध्ये इंग्लंडच्या शेफील्डमध्ये लोकांना कळले की जस्त १०० ते १५० अंश तापवले तर ते मऊ होऊन त्याचा पत्रा लाटता येतो. आणखी तापवून २०० च्या पुढे नेले की पुन्हा ठिसूळ. पोलादाचेही थोडे असेच आहे. २०० ते ३०० अंशांत त्यावर निळी झाक येते तेव्हा त्याला ठोकू नये, हे प्रत्येक लोहाराला बापाने सांगितलेले असते. गरम म्हणजे मऊ, गार म्हणजे कडक, हा हिशेब सरसकट लावता येत नाही.

जस्ताच्याच मिश्रधातूच्या चेनचे रनर आणि बक्कल आमच्या धंद्यात येतात. शून्याच्या खाली ते फार लवकर तुटतात. काश्मीर-हिमाचलकडे जाकिटे पाठवणाऱ्यांनी पितळी चेन लावलेली बरी. कथलाबद्दलही एक अफवा आहे, १८१२ मध्ये नेपोलियनच्या फौजेची बटणे रशियाच्या थंडीत भुकटी झाली म्हणून. ती बटणांची कथा शंकास्पद आहे. शुद्ध कथील १३ अंशांच्या खाली फार हळूहळू दुसऱ्या रूपात जाऊन भुकटी होऊ शकते, एवढे खरे. बाजारच्या कथलात इतर धातूंचा अंश असला की ते सहसा होत नाही. कलईवाल्यांनी काळजी करू नये.

आता प्लास्टिक, म्हणजे माझे क्रेट. प्लास्टिक हे लांब लांब साखळ्यांचे बनलेले असते, सुताच्या गुंड्यांसारखे. एका ठराविक तपमानाच्या वर या साखळ्या हलू शकतात, त्याच्या खाली गोठून जागच्या जागी राहतात. प्रत्येक जातीचा हा अंश वेगळा. पॉलिथिनचा शून्याच्या शंभरहून जास्त अंश खाली आहे, म्हणून पाण्याची काळी टाकी थंडीने फुटत नाही. क्रेट, बादल्या, खुर्च्या ज्याच्या बनतात त्या पॉलीप्रॉपिलीनचा हा अंश शून्याच्या जरासा खाली आहे. माणूस खुर्चीवर हळू बसला तर ती पाच अंशांतही टिकेल. पण दणका वेगाने बसतो आणि साखळ्यांना हलायला वेळ मिळत नाही, म्हणून आपटल्यावर पॉलीप्रॉपिलीन दहा अंशांतही ठिसूळ वागू शकते. वेग आणि थंडी यांचा परिणाम सारखाच होतो. माझे क्रेट याच कारणाने फुटले. त्यावर इलाज आहे. पॉलीप्रॉपिलीन बनवतानाच त्यात इथिलीन मिसळले की त्याला को-पॉलिमर म्हणतात, ते थंडीतही दणका खाते. साधे होमो स्वस्त, को-पॉलिमर थोडे महाग. पुन्हा वितळवलेल्या भंगाराचे तर विचारूच नका, त्याच्या साखळ्या आधीच तुटलेल्या असतात.

रबरालाही हा नियम लागू आहे. २८ जानेवारी १९८६ रोजी अमेरिकेचे चॅलेंजर यान सात जणांसह नष्ट झाले. गारठ्यात त्याच्या जोडातली रबरी कडी लवचीकपणा गमावून बसली होती. फाइनमन या शास्त्रज्ञाने चौकशीत बर्फाच्या ग्लासात तोच रबराचा तुकडा बुडवून सगळ्यांसमोर दाखवले.

शेतीच्या पीव्हीसी पाइपचे मानक आयएस ४९८५ आहे. त्यात पाइप शून्य अंशाला गार करून त्यावर वजन टाकण्याची चाचणी आहे. लातूरमध्ये पाइप शून्यावर कधी जाणार, असे वाटेल. पण शून्यावर जो टिकला तो पहाटेच्या थंडीत टिकावाचा चुकून बसलेला घाव सोसेल, एवढा त्याचा अर्थ. कडक पीव्हीसी साध्या तपमानालाच काचेच्या अवस्थेत असते. आणि आपल्याकडे प्लास्टिकचा खरा शत्रू थंडी नाहीच, ऊन आहे. वर्ष-दोन वर्षे उघड्यावर पडलेला पाइप किंवा खुर्ची उन्हाने साखळ्या तुटून म्हातारी होते, आणि जे प्लास्टिक पूर्वी दोन अंशांत फुटले असते ते आता वीस अंशांत फुटते. काळ्या एचडीपीई पाइपात सुमारे अडीच टक्के काजळी असते ती उन्हापासून बचावासाठी. २०१६ च्या दुष्काळात मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आले तेव्हा ज्याने त्याने मिळेल ती टाकी घेऊन गच्चीवर ठेवली. त्यातल्या पातळ, रंगीत आणि बिनमार्क्याच्या टाक्यांवर आज हात फिरवला तर खडूसारखी पूड हाताला लागते. अशी टाकी भरलेली असताना शिडी आपटू नये.

नायलॉनची तऱ्हा वेगळी आहे आणि मालेगाव, भिवंडी, इचलकरंजीच्या मागवाल्यांना ती चांगली ठाऊक आहे. यंत्रमागाचा पिकर धोट्याला मिनिटाला शंभरहून जास्त फटके मारतो. नायलॉनचा नवा, कोरडा भाग ठिसूळ असतो. हवेतले पाणी शोषून दोन-तीन टक्के ओल आली की तो चिवट होतो, कारण पाणी साखळ्यांना सरकायला मदत करते. म्हणून नायलॉनचे नवे भाग पाण्यात उकळून किंवा भिजत ठेवून मग बसवतात. मराठवाड्याच्या एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत नायलॉन पुन्हा सुकते. शिलाई मशीनची नायलॉनची गिअर भर उन्हाळ्यात का तुटते, याचे कोडे ज्यांना पडले असेल त्यांनी हे करून पाहावे. इथे गुन्हेगार थंडी नाही, कोरडेपणा आहे.

क्रेटच्या व्यापाऱ्याला मी पुढच्या खेपेला विचारले, "होमो आहे की को-पॉलिमर?" त्याने चष्मा वर करून माझ्याकडे पाहिले आणि म्हणाला, "कापडवाल्या शेठनं हे कधीपासून विचारायला सुरुवात केली?" भाव क्रेटमागे थोडा जास्त पडला. आता हिवाळ्यात गाडी सकाळी सातऐवजी दहाला लावतो, तोवर ऊन चढलेले असते. आणि हमालमामांच्या कापलेल्या पैशांचा हिशेब त्याच मे महिन्यात केला. त्यांनी पैसे मोजले नाहीत, खिशात घातले आणि पुढची गाठ उचलायला गेले.